एका होडीतले तिघे : अमेरिकेच्या यादवी युद्धाची गोष्ट

(दृश्य : रात्रीचं पाणी. पलीकडे किल्ल्याच्या दगडी तटाची काळी रेघ. वल्ह्यांचा आवाज.)

२३ मे १८६१ ची रात्र. व्हर्जिनियाचा किनारा. सेवेल्स पॉइंटजवळून तीन माणसं होडीत बसून निघाली आहेत. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड. तिघेही गुलाम. त्यांचा मालक बंडखोर फौजेत कर्नल आहे. त्यानं तिघांना तोफांचा मोर्चा बांधायच्या कामाला जुंपलंय, आणि आता बायकामुलांपासून तोडून त्यांना आणखी दक्षिणेला न्यायचा त्याचा बेत आहे. ते कानावर पडलं आणि तिघं निघाले.

समोर मनरोचा किल्ला. व्हर्जिनिया राज्य देशातून फुटलं होतं, पण हा किल्ला अजून वॉशिंग्टनच्या सरकारकडे होता. तिथं पोहोचल्यावर काय वाढून ठेवलंय, हे तिघांना ठाऊक नव्हतं. पळून आलेला गुलाम मालकाला परत करायचा, असा १८५० चा कायदा होता आणि तो उत्तरेलाही लागू होता. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी ४ मार्चला शपथ घेताना सांगितलं होतं की, जिथं गुलामगिरी आहे तिथं हात घालायचा आपला इरादा नाही.

आणखी एक गोष्ट इथं सांगितलीच पाहिजे. हा किल्ला ज्या जागेवर उभा आहे तिचं नाव ओल्ड पॉइंट कम्फर्ट. ऑगस्ट १६१९ मध्ये इंग्रजांच्या व्हर्जिनियात पहिल्यांदा आफ्रिकी माणसं आणून विकली गेली, ती इथंच जहाजातून उतरवली होती. वीस आणि वर काही, एवढीच त्यांची नोंद. त्याच किनाऱ्याला २४२ वर्षांनी ही होडी लागली.

(दृश्य : किल्ल्याचा दरवाजा. पांढरं निशाण घेऊन आलेला घोडेस्वार.)

दुसऱ्या दिवशी कर्नलचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर. आमची माणसं परत द्या. किल्ल्याचा प्रमुख होता जनरल बेंजामिन बटलर. मूळचा मॅसॅच्युसेट्सचा वकील. युद्धभूमीवर त्यानं काही मोठं गाजवलं नाही, पण त्या दिवशी त्याच्यातला वकील कामाला आला. त्यानं मुद्दा मांडला : व्हर्जिनिया म्हणते आम्ही आता वेगळा देश. मग अमेरिकेचा कायदा तिला लागू कसा? मालकानं इथं यावं, संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी आणि खुशाल माणसं न्यावीत. शपथ घेणार नसेल, तर शत्रू ज्यांना युद्धाच्या कामाला लावतोय ती माणसं म्हणजे युद्धात जप्त करण्याजोगा माल. 'काँट्राबँड'.

माल! शब्द ऐकवत नाही. माणसाला वस्तू ठरवणाऱ्या कायद्यातूनच पळवाट काढली, आणि माणसं मात्र वाचली. बातमी काही तासांत वस्त्यावस्त्यांत पोहोचली. काही दिवसांतच किल्ल्याच्या दारात माणसांची रीघ लागली. म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, गाठोडी.

या युद्धाचा इतिहास बहुतेक वेळा सेनापतींचा सांगितला जातो. बंडखोरांचा ली, उत्तरेचे ग्रँट आणि शर्मन. आपण तो या गाठोड्यांपासून सांगू, कारण युद्ध कशासाठी लढायचं हा प्रश्न वॉशिंग्टनच्या दारात आणून टाकला तो यांनीच.

(दृश्य : नकाशा. एकेक राज्य रंग बदलतं.)

मुळात युद्ध पेटलं कसं? १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत जवळपास ४० लाख गुलाम होते. दक्षिणेचा कापूस, तंबाखू, ऊस, सगळं त्यांच्या घामावर उभं. लिंकन यांचा रिपब्लिकन पक्ष गुलामगिरी पश्चिमेच्या नव्या मुलखात पसरू देणार नव्हता. नोव्हेंबर १८६० मध्ये ते ४० टक्क्यांहून कमी मतांवर निवडून आले. विरोधी मतं तीन उमेदवारांत वाटली गेली होती. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना फुटलं आणि लिंकन यांच्या शपथविधीआधीच सात राज्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस. १२ एप्रिल १८६१ ला चार्ल्सटनच्या बंदरातल्या समटर किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या. लिंकन यांनी ७५ हजार स्वयंसेवक मागितले, तेव्हा व्हर्जिनियासह आणखी चार राज्यं गेली. एकूण अकरा.

लढाई राज्यांच्या हक्कांसाठी होती, असं आजही ऐकू येतं. त्याला उत्तर त्या राज्यांच्याच कागदांत आहे. मिसिसिपीनं फुटण्याची कारणं लिहून काढली, त्यात सुरुवातीलाच सांगून टाकलं की आमची बाजू गुलामगिरीशी पुरती बांधलेली आहे. बंडखोर सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यानं जाहीर भाषणात काळ्यांची हीनता हाच नव्या सरकारच्या पायाचा दगड म्हटला.

दक्षिणेची भिस्त कापसावर होती. इंग्लंडच्या गिरण्या आमच्या कापसावर चालतात, तो थांबला की इंग्रज आमच्या बाजूनं उतरतील, हा हिशेब. उत्तरेच्या आरमारानं बंदरं कोंडली. कापूस अडकला, लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या, पण इंग्लंड उतरलं नाही. गिरण्यांनी दुसरीकडून कापूस मागवला, आणि तिथं आपला मुलूख या युद्धात ओढला गेला. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला, रोज नवी कंपनी, समुद्र हटवून जमीन काढायच्या योजना, शेअरांचं वेड. १८६५ मध्ये लीच्या शरणागतीची बातमी आली, भाव कोसळले आणि भलेभले सावकार दिवाळखोर झाले.

पहिली दीड वर्षं पूर्वेच्या आघाडीवर उत्तरेची दैना होती. जुलै १८६१ मध्ये बुल रनला फौज उधळली. १८६२ मध्ये उत्तरेचा जनरल मॅक्लेलन बंडखोरांच्या राजधानीच्या, रिचमंडच्या वेशीपर्यंत जाऊन परत फिरला. पण फौज जिथं जाई, तिथं गुलाम तिच्या तळावर येत. त्यांचं काय करायचं, हे रोज ठरवावं लागे. काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, आधी बंडखोरांच्या कामाला लावलेले गुलाम जप्त करायचा कायदा केला, मग जुलै १८६२ मध्ये फौजेच्या हद्दीत आलेले बंडखोर मालकांचे सगळेच गुलाम मुक्त मानायचा. लिंकन यांच्या खणात मुक्तीचा जाहीरनामा तयार होता. पण हरत असताना तो काढला तर अगतिकपणा दिसेल, एखादा विजय मिळू द्या, असा सल्ला परराष्ट्रमंत्री स्यूअर्ड यांनी दिला.

तो विजय १७ सप्टेंबरला अँटिएटमला मिळाला, तोही अर्धामुर्धा. एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे २३ हजार मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. लीची फौज मागं हटली, एवढं लिंकन यांना पुरलं. पाच दिवसांनी त्यांनी घोषणा केली, आणि १ जानेवारी १८६३ पासून बंडखोर भागातले गुलाम कायद्यानं मुक्त झाले. उत्तरेशी राहिलेल्या गुलामधारी राज्यांना हात लावला नव्हता, ही उणीव खरीच. पण त्याच जाहीरनाम्यात काळ्या माणसाला फौजेत घ्यायची वाट होती.

(दृश्य : मिसिसिपी नदीचं मोठं वळण. कड्यावरचं शहर.)

माझ्या मते युद्धाची खरी गाठ इथं सुटली. विक्सबर्ग. मिसिसिपीच्या वळणावर, उंच कड्यावर वसलेलं. इथल्या तोफांमुळे नदी बंद होती. ग्रँटनं हिवाळाभर कालवे खणले, ओढ्यांतून बोटी घुसवल्या, काही जमलं नाही. एप्रिलमध्ये त्यानं रात्रीच्या अंधारात तोफांसमोरून जहाजं काढली आणि फौज शहराच्या पुढं, नदीच्या खालच्या अंगाला नेली. आता नदी ओलांडायची कुठे? ग्रँटनं पुढं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की ही माहिती एका काळ्या माणसाकडून मिळाली : ब्रुइन्सबर्गला उतरा, तिथून पोर्ट गिब्सनला चांगला रस्ता जातो. त्या माणसाचं नाव ग्रँटनं लिहिलेलं नाही. हजारो सैनिक त्याच्या शब्दावर पलीकडे उतरले.

वेढा ४७ दिवस चालला. तोफगोळ्यांच्या भीतीनं लोकांनी टेकड्यांच्या मातीत गुहा खणल्या, आत गालिचे अंथरले, तिथं संसार मांडला. खेचराचं मांस खायची वेळ आली. छपाईचा कागद संपला तेव्हा तिथलं वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापलं गेलं. एका बाजूला वेलबुट्टी, दुसऱ्या बाजूला बातम्या.

त्याच दिवसांत, ७ जूनला, नदीच्या वरच्या अंगाला मिलिकेन्स बेंडच्या तळावर हल्ला झाला. तळ राखत होत्या नव्यानं उभ्या केलेल्या काळ्या पलटणी. बहुतेक जण काही महिन्यांपूर्वीपर्यंत शेतात राबणारे गुलाम. बंदूक भरायचं शिक्षणही पुरं झालं नव्हतं. संगिनी आणि बंदुकांचे दस्ते घेऊन ते हातघाईवर आले आणि तळ राखला. ४ जुलै १८६३ ला विक्सबर्ग शरण आलं. आदल्याच दिवशी गेटिसबर्गला लीची चढाई मोडली होती. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या भूदलात सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक दाखल झाले. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना कपड्यांचे पैसे कापून ७. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीनं तो अपमान पत्करण्यापेक्षा पगारच नाकारला आणि तरीही लढली. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला.

(दृश्य : व्हाइट हाऊस. उन्हाळ्याची संध्याकाळ.)

पण १८६४ चा तो उन्हाळा वाईट होता. ग्रँट व्हर्जिनियात अडकलेला, प्रेतांच्या याद्या रोज पेपरात, आणि तोंडावर निवडणूक. समोर उमेदवार तोच मॅक्लेलन, आणि त्याचा पक्ष म्हणत होता लढाई थांबवा. मुक्तीची अट सोडा, तह होईल, असं लिंकन यांना जवळचेही सांगत होते. त्यांनी ती सोडली नाही. २३ ऑगस्टला त्यांनी एका कागदावर लिहिलं की आपण बहुधा हरू, तो मिटला आणि मंत्र्यांच्या न वाचताच पाठीवर सह्या घेतल्या. त्याच सुमारास, स्वतः गुलामीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस यांना बोलावून त्यांनी विचारलं, निवडणुकीआधी जास्तीत जास्त गुलाम आमच्या हद्दीत कसे आणता येतील? तीन वर्षांपूर्वी होडीतल्या तिघांनी जे आपल्या जिवावर केलं, ते आता खुद्द राष्ट्राध्यक्ष करू पाहत होते.

ती योजना राबवावी लागली नाही. २ सप्टेंबरला शर्मननं अटलांटा घेतलं आणि वारं फिरलं. लिंकन मोठ्या मतांनी निवडून आले. ३१ जानेवारी १८६५ ला प्रतिनिधिगृहानं ११९ विरुद्ध ५६ मतांनी गुलामगिरी बंद करणारी १३ वी घटनादुरुस्ती मंजूर केली.

याचा आवाज पुण्यापर्यंत आला. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' छापली आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ती अर्पण केली. शूद्रातिशूद्रांच्या सुटकेसाठी आपल्या बांधवांनी हा कित्ता गिरवावा, ही त्यांची आस होती.

पुन्हा १८६५ कडे. ९ एप्रिलला ली शरण आला. ११ तारखेला लिंकन काही काळ्यांना मताचा हक्क द्यावा असं भाषणात म्हणाले. ऐकणाऱ्यांत जॉन विल्क्स बूथ होता. तीन दिवसांनी त्यानं लिंकन यांना गोळी घातली. युद्धात गेलेल्यांचा जुना आकडा ६ लाख २० हजार, आणि त्यातले जास्त जुलाब-तापानं गेले.

(दृश्य : पुन्हा मनरोचा किल्ला. दिवस. तटाच्या आतल्या खोल्या.)

२२ मे १८६५ ला मनरोच्या किल्ल्यात एक कैदी आणला गेला. बंडखोरांचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस. ते तिघे होडीत बसले, त्याला चार वर्षं व्हायला एक दिवस कमी. त्याला तटाच्या पोटातल्या खोलीत ठेवलं, पायात बेड्या ठोकल्या, काही दिवसांनी काढल्या. दोन वर्षं तो किल्ल्यात कैदेत होता.

किल्ल्याबाहेर हॅम्प्टन गाव. १८६१ मध्ये बंडखोरांनी ते स्वतःच जाळलं होतं, पळून आलेल्या गुलामांना आसरा मिळू नये म्हणून. उरल्या होत्या विटांच्या धुरांड्या. किल्ल्याच्या दारात आलेल्या माणसांनी त्याच धुरांड्यांना टेकवून फळ्यांची घरं उभी केली होती. जवळच्या ओकच्या झाडाखाली मेरी पीक नावाच्या शिक्षिकेनं त्यांच्या मुलांना अक्षरं शिकवली होती. ते झाड आजही आहे. आणि वस्तीत रस्ते पडले, तेव्हा लोकांनी त्यांना नावं दिली : लिंकन, ग्रँट, युनियन.