मोडणारा ट्रक निवडताना

(इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अध्यक्षांनी माझी ओळख 'खेळण्यातल्या गाड्यांचे जाणकार' अशी करून दिली. मी रागावत नाही, माझ्या घरातही हेच मत आहे. पण या खेळण्यापायी माझा एक अख्खा हंगाम गेला, तो किस्सा पुढे येईल. पत्रिकेत विषय छापलाय 'शर्यतीसाठी मोठे रिमोट ट्रक : एक तुलना'. तो वाचून एका वहिनींनी मला फोन केला, की नातवाच्या मुंजीत द्यायला त्यातला कुठला बरा. वहिनी, मी बोलणार आहे त्यातला एक सतरा-अठरा किलोचा आहे. बटूला उचलणार नाही. (हशा)

हा इथे टेबलावर ठेवलाय, त्याला १/५ स्केल म्हणतात. मूळ गाडीच्या लांबीचा पाचवा हिस्सा. मैदानावर हा उतरवला की बघे जमतात, आणि इंदूरचे बघे तीन प्रश्न विचारतात. पहिला, 'भिया, इसमें बैठ सकते क्या?' दुसरा, 'ॲव्हरेज क्या देती है?' आणि तिसरा, 'टॉप स्पीड कितनी?' पहिल्याला मी हसतो. दुसरा प्रश्न फार शहाणपणाचा आहे, त्याकडे परत येऊ. पण तिसऱ्याने या छंदाचा सत्यानाश केलाय. डब्यावर, व्हिडिओत, दुकानात, सगळीकडे तोच एक आकडा. ताशी ऐंशी किलोमीटर! धरून चाला की खरा आहे. पण तो निघतो गुळगुळीत डांबरावर, लांबलचक सरळ रस्त्यावर. आपल्याकडे बायपासपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर जो ट्रॅक आखतात, त्यात एवढी सरळ पट्टी मिळते कुठे? वळणावरून सुटून ट्रक जेमतेम वेग घेतो, तोवर पुढचं वळण आलेलं असतं.

सरळ पट्टीची हौस असेल तर ती शेजारीच आहे म्हणा. पीथमपूरला नॅट्रॅक्सचा हायस्पीड ट्रॅक आहे, ११.३ किलोमीटरचा. २०२१ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. तिथे खऱ्या गाड्यांच्या चाचण्या होतात, आपल्याला कोण आत सोडणार! तसं या गावाला गाड्यांचं वेड जुनंच. इंदूरचे शेवटचे महाराज, दुसरे यशवंतराव होळकर, यांनी ड्यूसेनबर्ग एसजे ही अमेरिकन गाडी मागवली होती, सुपरचार्जरवाली, आठ सिलिंडरची. तिची बॉडी गर्नी नटिंग या इंग्लिश कंपनीने बांधली. आम्ही त्याच परंपरेतले, फक्त स्केल आणि खिसा दोन्ही लहान.

तर माझं म्हणणं असं आहे, आणि तेवढंच सांगायला मी आलोय. ट्रकांची तुलना वेगावर करू नका. कुठला भाग आधी मोडतो, तो कुठे मिळतो आणि किती दिवसांत हातात पडतो, यावर करा.

यामागे गणित आहे. ते इंजिनिअर मंडळींना माहीत आहे, बाकीच्यांनी दोन मिनिटं सोसा. गॅलिलिओने १६३८ साली हाडांचं उदाहरण देऊन हे छापून ठेवलंय. लांबी दुप्पट केली की वजन आठपट होतं, पण वजन पेलणाऱ्या दांड्याच्या छेदाचं क्षेत्रफळ चौपटच वाढतं. म्हणजे दर चौरस मिलिमीटरवर दुप्पट भार. हे कागदावरचं वाटतं ना? १/१० स्केलचा, म्हणजे याच्या निम्म्या लांबीचा, शर्यतीचा ट्रक साधारण अडीच किलोचा असतो. आठाने गुणा, वीस. आणि १/५ चा, लोसी कंपनीचा फाइव्ह-टी भरतो सतरा-अठरा किलो. गॅलिलिओ आपल्याला दोन किलोंनी चुकला, तेवढं माफ करू. (हशा)

आता यात वेग घाला. ताशी साठ किलोमीटरने जाणाऱ्या अडीच किलोच्या गाडीत साडेतीनशे जूलच्या आसपास ऊर्जा असते. त्याच वेगाच्या अठरा किलोच्या ट्रकमध्ये अडीच हजार. ती ट्रॅकच्या पाइपाच्या कडेवर किंवा कुणाच्या नडगीवर कुठेतरी जाणारच. लहान गाडी उलटली की पोरं धावत जाऊन सरळ करतात. इथे मार्शलला, म्हणजे उलटलेल्या गाड्या सरळ करायला ट्रॅकवर उभ्या माणसाला, दोन्ही हात लावून उचलावा लागतो, आणि सायलेन्सर तापलेला असतो. म्हणून मोठा ट्रक मोडतो तेव्हा पद्धतशीर मोडतो. चाक धरणारी आर्म तुटते, चाकाला जोर पोचवणारा ड्राइव्हशाफ्ट वाकतो, स्पर गिअर या मोठ्या दातेरी चाकाचे दात जातात, स्टिअरिंगच्या मोटरला धक्क्यापासून वाचवणारा सर्वो-सेव्हर ढिला होतो. हे होणारच आहे, हे धरून चाला. प्रश्न मोडल्यानंतरचा आहे.

इथे तो किस्सा. माझ्या ट्रकचा मागचा ड्राइव्हशाफ्ट वाकला. बोटाएवढी जाड पोलादी कांडी, दोन्ही टोकांना आडव्या पिना. बाहेरून मागवली. पार्सल देशात आलं आणि अडकलं. एका खिडकीवर जा म्हणाले. खिडकी कुठली, ते विचारू नका, मला अजून पार्सलं मागवायची आहेत. आतल्या गृहस्थांनी कागद पाहिला, कांडी पाहिली आणि विचारलं, 'यह खिलौना है?'

आता बघा गंमत. खेळणं म्हटलं तर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा. आणि आयात शुल्क? २०२० च्या बजेटने ते २० टक्क्यांवरून ६० वर नेलं आणि २०२३ मध्ये ते ७० झालं. माझ्या कांडीवर शिक्का कुठला असणार! म्हणून मी म्हणालो, नाही साहेब, खेळणं नाही. तो नियम चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांचा आहे, आणि असल्या गाड्यांच्या डब्यावरच लिहिलेलं असतं की त्या वयाच्या पोरांसाठी हे नाही. गृहस्थ म्हणाले, 'फिर क्या है?' मी म्हणालो, रेसिंग ट्रकचा शाफ्ट. 'ट्रक का रजिस्ट्रेशन नंबर?' (हशा) नंबर नाही, रिमोटवर चालतो. 'रिमोट? मतलब वायरलेस है? उसका लायसन्स?' मी म्हटलं, साहेब, वायरलेस रिमोटमध्ये असतं, या कांडीत नाही. त्यांनी कांडी उजेडात धरून पाहिली. अँटेना शोधत असावेत.

मग मी फोनवर व्हिडिओ दाखवला. तिथे सगळं फिरलं. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावलं. एक म्हणाला, 'बैठ सकते क्या?' तुम्हाला उत्तर माहीत आहे. दुसऱ्याने टॉप स्पीड विचारली. चहा आला. पार्सल मात्र आलं नाही, कारण खेळणं की यंत्राचा भाग हे ठरवायला फाइल वर गेली. वर म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही. कांडी घरी आली तेव्हा पाऊस लागून गेला होता.

आणि माळव्यात पाऊस लागणं म्हणजे काय, हे इंदूरकरांना सांगायला नको. काळी माती चाकांना असली धरते, की दोन फेऱ्यांत ट्रक किलो-दोन किलोने जड होतो. आमचा हंगाम सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि ऊन चढेपर्यंत चालतो. कोरड्यात तीच माती पिठासारखी उडते. (आपलं शहर २०१७ पासून सलग कित्येक वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं, त्यामुळे धूळ शोधायला आम्हाला शहराबाहेर जावं लागतं. देशात हा त्रास फक्त आपल्यालाच.) हे पीठ पेट्रोल इंजिनाच्या तोंडी गेलं की सिलिंडरवर ओरखडे. म्हणून फोमचा फिल्टर तेलात भिजवून पिळून लावायचा, वर कापडी टोपी चढवायची आणि दर शर्यतीनंतर धुवायचा. फिल्टर धुवायचा कंटाळा असलेल्याने पेट्रोलच्या वाटेला जाऊ नये.

अं? दहा मिनिटं? अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. तुलना राहिलीच की! बरं, पळवतो.

तीन गाड्या घेऊ. पहिली एचपीआय कंपनीची बाहा, तिचा ट्रक म्हणजे ५टी. इंजिन मागे, जोरही मागच्याच चाकांना. दुसरी लोसी फाइव्ह-टी. हिचंही इंजिन पेट्रोलचंच, पण चारही चाकांना जोर, तीन डिफरन्शियल, म्हणजे वळणात चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरपेट्या. तिसरी ट्रॅक्सासची एक्स-मॅक्स, विजेवरची, फोर व्हील ड्राइव्ह मॉन्स्टर ट्रक, बॅटऱ्यांशिवाय साडेआठ किलोच्या वर.

इंजिनं पाहा. बाहामध्ये आणि लोसीमध्ये २३ ते ३२ सीसीची टू-स्ट्रोक, झेनोआ या जपानी कंपनीच्या घराण्यातली. हे घराणं मुळात गवत कापायच्या मशीनचं. म्हणून यांची डोरी ओढणं, कार्ब्युरेटर साफ करणं, प्लग बदलणं, हे सगळं ब्रश कटर दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही कारागिराला येतं. लिटरभर पेट्रोलला चाळीस मिली टू-टी ऑइल घाला, झालं.

आता तो ॲव्हरेजचा शहाणा प्रश्न. बाहाची टाकी सातशे मिलीची, त्यात साधारण सहा हजार वॉट-तास ऊर्जा. एक्स-मॅक्सच्या दोन ४एस, म्हणजे चार-चार सेलच्या बॅटऱ्या, ६७०० एमएएचच्या, मिळून दोनशे वॉट-तासांच्या आत. तीसपट फरक. (यातली एक बॅटरी ९९ वॉट-तासांची भरते, विमानात हातातल्या सामानात चालणाऱ्या १०० च्या मर्यादेत जेमतेम. हे बरं आहे.) इंजिन त्यातला मोठा भाग उष्णतेत उधळतं, कबूल. तरी पेट्रोलवाला पाऊण तास पळतो आणि टाकी भरून लगेच निघतो. शर्यत सुरू झाली की एक्स-मॅक्स पहिल्या पाच-दहा मिनिटांत सगळ्यांना मागे टाकते, मग बॅटरी गरम होते. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. उघड्या मैदानावर वीज नाही, कारच्या बॅटरीवरून चार्ज करत बसा. आणि वापरायची नसेल तर दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची, पूर्ण भरून कपाटात टाकायची नाही. इंदूरच्या मेमध्ये तर मुळीच नाही.

वळणावर? एक्स-मॅक्स उंच आहे, उडी मारायला झकास, उलटली तर बटण दाबून आपली आपण सरळ होते. मार्शल मंडळी तिच्यावर खूश असतात. पण चक्राकार वळणात ती कलते, आणि दोन्ही बॅटऱ्या मिळून पूर्ण ८एसवर जोर दिला की टायर फुग्यासारखे फुगून उंच होतात. शर्यतीत हे नको. आतून न ताणणारा पट्टा असलेले टायर घातले की बरंच सुधारतं. विजेवरच हवं असेल तर अर्मा कंपनीची क्रॅटन ८एस बघा, तीही १/५, पण बसकी आणि रुंद, वळणात जास्त भरवशाची. बाहा मोकळ्या मातीत शेपूट फिरवते. ज्याचं थ्रॉटलवरचं बोट शहाणं, त्याला ती मजा देते, इतरांना गोल फिरवते. फाइव्ह-टी वळणातून सुटताना चारही चाकांनी जमीन धरते. नुसत्या शर्यतीच्या वेळा पाहिल्या तर आमच्या मैदानावर मी तिच्यावर पैसे लावीन.

आणि तरीही विकत घ्यायला मी बाहा सांगतो. का? मोडणारा भाग! चीनमध्ये रोव्हन, किंग मोटर अशा कंपन्या बाहाला बसतील अशा गाड्या आणि सुटे भाग बनवतात. आर्मपासून इंजिनापर्यंत सगळं. दर्जा सारखा नसतो, तपासून घ्यावं लागतं, पण मिळतं, आणि स्वस्त मिळतं. या नकलांनीच मूळ गाडीचं आयुष्य वाढवलं, असं माझं मत आहे. शिवाय मागच्याच चाकांना जोर असल्याने पुढे डिफरन्शियल नाही, शाफ्ट नाहीत. जे नाही ते मोडत नाही. लोसीत मोडणारे भाग जास्त आणि दूरचे. ट्रॅक्सासचे सुटे भाग दर्जाला उत्तम, पण तेही सातासमुद्रापलीकडून, म्हणजे पुन्हा ती खिडकी.

साधे भाग इथेही होतात. सांवेर रोडला एक खरादवाले, म्हणजे लेथवाले, आहेत, त्यांनी ईएन-२४ पोलादाचा शाफ्ट वळून, पाणी देऊन दिलाय, तो मूळच्यापेक्षा टिकला. पण गिअर कापायला सांगितले की ते मला हात जोडतात.

प्रश्नोत्तरांना वेळ नाही म्हणतात, तरी शेवटचं एक. कुठलाही ट्रक घ्या, फेल-सेफ आधी बसवा. सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद आणि ब्रेक लागलाच पाहिजे, आणि पेट्रोलवाल्यात इंजिन बंद पाडणारा वेगळा किल स्विचही. तपासायचा कसा? ट्रक ठोकळ्यावर ठेवून चाकं अधांतरी करायची, इंजिन चालू करायचं आणि रिमोट बंद करायचा. चाकं थांबली नाहीत तर तो ट्रक, मालक कितीही ओळखीचा असो, मी रांगेत उभा राहू देत नाही. आणि अध्यक्ष, हा टेबलावरचा खाली उतरवायला दोन माणसं लागतील.