जन्मतारखेचा रकाना

(ब्रह्मपुरी तालुक्यातील कलाशिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, चित्रस्पर्धेचा कोणताही प्रवेशअर्ज काढा, नाव-पत्त्याखाली जन्मतारीख असतेच. आपल्या भागात ती तारीखसुद्धा बहुतेकदा गुरुजींची देणगी. साठीच्या पुढच्यांनी आठवून पाहा, कितीजणांचा वाढदिवस १ जून किंवा १ जुलै निघतो ते. (हशा) शाळेत नाव घालताना अंदाजानं टाकलेल्या त्या तारखेवर नोकरी ठरली, पेन्शन ठरली. आता नवोदितांच्या स्पर्धेला ३५ वर्षांची अट लावली, की चित्र भिंतीवर लागणार की नाही, हेही तीच ठरवते.

वयाची अट घालणारे सगळेच चुकतात, असं मी म्हणणार नाही. लहान मुलांच्या स्पर्धेत वयोगट हवेतच, आणि ते आणखी कडक पाळायला हवेत. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी नंदीच्या सणाला, आपण बघतोच ना! नंदी घडवतो सुतार, सजवतो बाप, बक्षीस घ्यायला पोरगं पुढं. तरुणांच्या शिष्यवृत्तीलाही माझी हरकत नाही. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयाच्या कलाकारांना मिळते, त्यापुढे ४० पर्यंत कनिष्ठ फेलोशिप, चाळिशीनंतर वरिष्ठ. कागदावर कोणीच सुटलेलं दिसत नाही. पण वरिष्ठ फेलोशिप मागायची तर मागं केलेलं काम दाखवावं लागतं. जिनं पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ब्रश हातात घेतला, ती बाई वयानं वरिष्ठ आणि कामानं नवखी. तिनं कोणता अर्ज भरायचा?

आणि अशा बाया आपल्याकडे गावोगाव आहेत. पोरगी शाळेत फळ्यावर असं चित्र काढायची की बघत राहावं. बारावी झाली, लग्न झालं. मग रोवणी, निंदण, धानाची कापणी, सासूचं दुखणं, पोरांच्या फिया, सोसायटीचं कर्ज. हात मोकळा होतो तेव्हा चाळिशी उलटलेली असते. तीच नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात गेली असती, तर बाविशीत तिचं चित्र प्रदर्शनात लागलं असतं. ३५ वर्षांची अट लावतो तेव्हा आपण वयाच्या नावानं घरची परिस्थितीच मोजत असतो, हे माझं मुख्य म्हणणं आहे.

शेजारच्या मध्य प्रदेशातल्या जोधैयाबाई बैगा घ्या. उमरिया जिल्ह्यातल्या. मजुरी करून पोरं वाढवली, सत्तरीच्या आसपास चित्रं काढायला लागल्या, २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रवींद्रनाथांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन पॅरिसला १९३० मध्ये भरलं, तेव्हा तेही सत्तरीला टेकले होते. अर्थात त्यांना जन्मदाखला मागायची कोणाची छाती झाली असती!

ब्रिटनमधल्या टर्नर या दृश्यकलेच्या पारितोषिकाची गोष्ट तर फार बोलकी आहे. पारितोषिक सुरू झालं १९८४ मध्ये. १९९१ पासून पन्नाशीच्या आतल्यांनाच ते द्यायचं ठरलं. हेतू वाईट नव्हता, मोठ्या नावांनी नव्यांची जागा अडवू नये एवढंच. ती अट २०१७ मध्ये उठली आणि त्याच वर्षी पारितोषिक मिळालं ६३ वर्षांच्या लुबैना हिमिद यांना. ही बाई १९८० च्या दशकापासून चित्रं काढत होती, कृष्णवर्णीय चित्रकार बायांची प्रदर्शनं भरवत होती. पन्नाशीच्या आत दखल घेतली नाही, आणि पन्नाशीनंतर नियमच आडवा!

आपल्या संगीत नाटक अकादमीचंही बघा. चाळिशीच्या आतल्यांसाठी २००६ पासून बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार. चांगलंच आहे. पण २०२३ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या, तोवर एकही राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८४ कलाकारांना खास अमृत पुरस्कार द्यावे लागले.

आपल्या पूर्व विदर्भातल्या, वडशाकडच्या झाडीपट्टी नाटकाला मी मुद्दाम मध्ये आणतो. तिथं रात्रभर मंडपात बसणारा शेतकरी नायकाची जन्मतारीख विचारत नाही. गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं का, एवढं तो बघतो.

दिल्ली-मुंबईचे नियम आपल्या हातात नाहीत. तालुक्याच्या स्पर्धेचा अर्ज मात्र आपणच छापतो. मोठ्यांच्या गटात वयाचा रकाना काढा आणि विचारा, तुमचं काम पहिल्यांदा कधी, कुठं मांडलं? त्याला पाच वर्षं झाली नसतील तो नवोदित, मग तो विशीतला असो की साठीतला. नावाजलेला चित्रकार येऊन सगळी बक्षिसं घेऊन जाईल, ही भीतीही त्यानं जाते.

मघाशी एका सरांनी विचारलं, लोक खोटं लिहितील, त्याचं काय जी? लिहितील काही. पण तालुक्यात कोणाचं चित्र कधी कुठं लागलं, हे लपत नाही. नावांची यादी आठ दिवस पंचायत समितीच्या फलकावर लावा, हरकती मागवा. आणि बायांच्या अर्जावर मोबाईल नंबर त्यांचाच घ्या, नवऱ्याचा नको. निकाल कळवायला फोन केला की पलीकडून "ते वावरात गेली" एवढंच ऐकू येतं, आणि बक्षीस आपल्या कपाटात पडून राहतं.