पुन्हा लिहिलेलं पान

[टेबलावर उघडी २०० पानी वही. कॅमेरा शिवणीजवळ.]

ही वही जूनमध्ये २०० पानांची होती. आता हातात घेतली तर निम्मीच लागते. शिवणीच्या वहीचं पुढचं पान फाडलं की मागचं जोडपान सैल होतं आणि काही दिवसांत तेही गळतं. उरलेल्या पानांवर तारीख आहे, समास आखलेला आहे, शीर्षकाखाली दोन रेघा आहेत. मजकूर मात्र तीन ओळींचा. चौथ्या ओळीत कागद इतका घासलाय की खालच्या पानावरचं अक्षर आरपार दिसतं.

शाळेत अशा मुलाबद्दल दोन मतं असतात. मुलगा आळशी आहे, वही अपुरी ठेवतो. किंवा अक्षर मोत्यासारखं आहे, फक्त वेग कमी. दोन्ही चुकीची. त्याने लिहिलंय भरपूर, ते कचऱ्याच्या डब्यात आहे.

हा ओसीडीचा, म्हणजे मंत्रचळाचा एक प्रकार: नको असलेला विचार किंवा अस्वस्थता पुन्हा पुन्हा येते आणि ती शमवायला तीच कृती पुन्हा पुन्हा केली जाते. हात धुणं, कुलूप तपासणं आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण आजाराची तीव्रता मोजणारी येल-ब्राऊन मोजपट्टी १९८९ साली प्रसिद्ध झाली, तिच्या लक्षणयादीत पुन्हा वाचणं आणि पुन्हा लिहिणंही आहे. दिवसाचा तासाहून जास्त वेळ त्यात जात असेल, किंवा त्यामुळे अभ्यास, नोकरी, झोप बिघडत असेल, तर ती नुसती सवय नव्हे.

[हाताचा क्लोज-अप. पेन एकाच अक्षरावर पुन्हा पुन्हा फिरतं.]

आतून काय चालतं? सगळ्यांचं सारखं नसतं. काहींना भीती वगैरे काही वाटत नाही, फक्त ते अक्षर 'बसलेलं' नसतं. शिरोरेषा जरा वर गेली, वेलांटीचं टोक कान्याला टेकलं नाही, रफार पुढे सरकला, 'ळ'ची दोन पोटं लहानमोठी झाली. देवनागरीत अशा जागा भरपूर. इंग्रजी लिहिताना तीच ओढ 'ए' आणि 'ओ'चा गोल पूर्ण बंद झाला की नाही याकडे वळते. काहींच्या मनात मात्र स्पष्ट धास्ती असते: अर्जात आपण चुकून काही घाणेरडं लिहिलं असेल, रकमेत एक शून्य जास्त पडलं असेल. म्हणून पाकीट चिकटवायचं, फोडायचं, पुन्हा वाचायचं. आणि काहींसाठी अक्षर हा शकुन असतो. वडिलांचं नाव लिहिताना पेन अडकलं, तर ते नाव 'चांगल्या' विचारासकट परत लिहायचं, नाहीतर त्यांना काहीतरी होईल. हे तर्काला धरून नाही हे लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा कळत असतं. कळून हात थांबत नाही, हीच तर अडचण.

मोठ्यांमध्ये हे सहीत दिसतं. धनादेशावरची सही पहिल्यासारखी यावी म्हणून ती इतकी सावकाश काढली जाते की बँकेतल्या नमुन्याशी जुळतच नाही.

पुन्हा लिहिल्याने समाधान का मिळत नाही, याचं एक कारण मेंदूच्या साध्या वागण्यात आहे. क्रिस मूलिन आणि अकिरा ओकॉनर या मानसशास्त्रज्ञांच्या गटाने निरोगी विद्यार्थ्यांना एकच शब्द भराभर, पुन्हा पुन्हा लिहायला सांगितला. साधारण तीस वेळा लिहून झाल्यावर, म्हणजे मिनिटभरात, अनेकांना तो ओळखीचा शब्द परका वाटू लागला. याच कामाला २०२३ साली साहित्याचं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं गमतीदार पारितोषिक मिळालं, आणि लोक हसले. पण मंत्रचळ असलेला माणूस हा प्रयोग रोज स्वतःवर करत असतो. टक लावून पाहिलेलं, दहादा गिरवलेलं 'क्ष' विचित्र दिसणारच. ते विचित्र दिसतं म्हणून तो आणखी गिरवतो. तपासण्याचंही तेच. २००३ साली व्हॅन डेन हाउट आणि किंट या संशोधकांनी दाखवलं की एखादी गोष्ट वारंवार तपासल्यावर स्मरण फारसं बिघडत नाही, पण स्मरणावरचा विश्वास उडतो.

उपचाराआधी दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. डिसग्राफियात मुलाला अक्षर नीट घडवता येत नाही. इथे घडवता येतं, पण घडल्यावर सोडता येत नाही. आणि फक्त लिहितानाच बोटं आखडत असतील, मनगट वाकडं होत असेल, तर तो लेखकाचा पेटका असू शकतो, त्यासाठी मेंदूविकारतज्ज्ञ. पेन गच्च धरून मंत्रचळातही हात दुखतो, त्यामुळे गोंधळ होतो.

[कोरा कागद. डाव्या बाजूला ० ते १०० अशी उभी पट्टी.]

लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली ज्या पद्धतीचे पहिले निष्कर्ष मांडले, ती आज ईआरपी (एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) म्हणून ओळखली जाते. अस्वस्थ करणारी गोष्ट मुद्दाम समोर आणायची आणि नेहमीची कृती करायची नाही. सांगायला दोन वाक्यं, करायला बरेच आठवडे.

पहिला आठवडा नुसत्या नोंदीचा. किती वाजता लिहायला बसलो, किती ओळी झाल्या, किती वेळा खोडलं, पान फाडलं का. ही नोंद पेन्सिलने नको, आणि सुवाच्य तर मुळीच नको. मग पायऱ्या ठरतात. प्रत्येक पायरीला अस्वस्थतेचे गुण, ० ते १००. उदाहरणादाखल:

किराणा मालाची यादी बॉलपेनने, व्हाइटनर न वापरता: २५.
एका ओळीत शिरोरेषा मुद्दाम वाकडी, आणि ती तशीच: ४०.
अर्धं पान टायमर लावून, न वाचता घडी घालून दुसऱ्याच्या दप्तरात: ६०.
एका रेघेने खोडलेला शब्द ठेवून गृहपाठ जमा: ७५.
अर्ज भरून, एकदाही न वाचता खिडकीवर देणं: ९५.

सुरुवात २५ किंवा ४० पासून. रोज साधारण अर्धा-पाऊण तास. खोडरबर आणि व्हाइटनर त्या खोलीतच नकोत. चूक झाली तर एकच आडवी रेघ, पुढचा शब्द. अस्वस्थता चढेल, ती उतरण्याची वाट पाहत बसायची सक्ती नाही; ती असतानाही पुढची ओळ लिहिता येते, एवढा अनुभव पुरतो. शिरोरेषा वाकडी ठेवून दुसऱ्या दिवशी काही बिघडलं का, हे मात्र जरूर पाहायचं.

फसतं कुठे, ते जास्त महत्त्वाचं. हात थांबतो, पण मनात अक्षर पुन्हा लिहिलं जातं, किंवा टेबलाखाली बोटाने हवेत गिरवलं जातं. ती कृतीच झाली. दुसरी पळवाट, 'आत्ता राहू दे, घरी गेल्यावर नीट करीन.' तिसरी फार हुशार आहे: वाकडी शिरोरेषा प्रत्येक ओळीत सारखीच वाकडी, मोजून काढलेली! चूकही नीटनेटकी झाली की सराव वाया गेला. अशा वेळी चूक कुठे करायची हे दुसऱ्याने चिठ्ठी काढून ठरवावं. चौथी, इतकं सावकाश लिहिणं की चूक होणारच नाही. टायमर त्यासाठीच असतो. आणि लॅपटॉप दिला की सुटलो, असंही नाही. तिथे बॅकस्पेस आहे.

[स्वयंपाकघर. आई पोळ्या लाटतेय, मुलगी वही पुढे करते.]

"आई, हे बरोबर दिसतंय ना गं?" दिवसातून तीसदा येणाऱ्या या प्रश्नाला घर प्रेमाने 'हो बाळा' म्हणतं. तो 'हो' खोडरबराचंच काम करतो. थेरपीत घरच्यांसाठी एक उत्तर ठरवतात: "हा आजाराचा प्रश्न आहे, मी उत्तर देणार नाही. पुढची ओळ लिही." मुलाच्या वतीने जर्नल पूर्ण करून देणंही हळूहळू कमी करायचं, एकदम बंद नाही.

शाळेला तीनच गोष्टी सांगाव्या लागतात. पान फाडायला लावू नका. 'दहा वेळा लिहून आण' ही शिक्षा या मुलाला देऊ नका. आणि काही महिने अक्षराचं कौतुकही नको, गुण फक्त उत्तराला.

परीक्षेचं गणित सोपं आहे. ८० गुणांना तीन तास, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. पाच गुणांच्या उत्तराला अकरा मिनिटं; बाराव्या मिनिटाला वाक्य अर्धं असलं तरी पुढचा प्रश्न. सराव असाच करायचा. अपंगत्व प्रमाणपत्र असेल तर केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटं जादा मिळू शकतात. पण उपचाराविना मिळालेला जादा वेळ बहुतेकदा पुन्हा लिहिण्यातच जातो, हे आधी पालकांना सांगितलेलं बरं.

औषधांत फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन, क्लोमिप्रामिन ही नावं येतात. नैराश्याला लागतो त्यापेक्षा डोस अनेकदा जास्त असतो, आणि गुण येतो की नाही हे ठरवायला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून गोळी मनाने बंद करणं, ही नेहमीची चूक.

[जिल्हा रुग्णालयाचा मनोविकार बाह्यरुग्ण विभाग.]

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीतही. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था, आणि बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत ओसीडीसाठी स्वतंत्र क्लिनिक. जाताना वही आहे तशी न्या: फाटलेल्या कडा, भोकं, टोपलीतले चोळामोळा झालेले कागदसुद्धा. तपासणीसाठी नवी वही सुंदर अक्षरात लिहून नेणारे पुष्कळ असतात, आणि त्या वहीवरून डॉक्टरांना काहीच कळत नाही.