गेमिंग कॉम्प्युटर आणि घरचं लाईट बिल

श्रोतेहो, नमस्कार. राजारामपुरी असो नाहीतर शिवाजी पेठ, पोरानं गेमिंगचा कॉम्प्युटर जोडून घेतला की पहिल्या बिलाला घरात वाद ठरलेला. वडील म्हणतात, "खोक्यावर हजार वॅट लिहिलंय, गिझरच आणून ठेवलायस की घरात!" पोरगं म्हणतं, "पप्पा, कॉम्प्युटरला कसली लाईट लागते?" दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

हजार वॅट ही एसएमपीएसची, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याची ताकद झाली, तो कायम तेवढी वीज ओढत नाही. कॉम्प्युटर मागेल तेवढीच देतो, वर दहा-बारा टक्के स्वतः तापण्यात घालवतो. खरा खादाड म्हणजे गेमचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड. २०१६ साली एनव्हिडियाचं जीटीएक्स १०८० कार्ड १८० वॅटचं होतं; २०२५ मध्ये आलेलं आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॅटचं आहे. प्रोसेसर, पंखे, मॉनिटर धरले तर असा सेट भारी गेम चालू असताना ८०० वॅटच्या आसपास खातो. जरा हलकं कार्ड असेल, तर पाचशे-सहाशे.

आता गिझर. तो २००० वॅटचा, पण वीस मिनिटांत बंद होतो, म्हणजे पाऊण युनिटसुद्धा नाही. पोरगं बसतं पाच तास. ७०० वॅट धरले तरी रोजचे साडेतीन युनिट, महिन्याला १०५. महावितरणचा घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्पा बदलतो. घरचा वापर २२० असेल तर तो ३२५ वर जाणार. मात्र तीनशे ओलांडले म्हणून सगळ्या बिलाला वरचा दर लागत नाही, वरच्या २५ युनिटांनाच लागतो. बरेच जण इथंच उगाच धसका घेतात. उन्हाळ्यात मात्र धसका घ्यायला जागा आहे. ओढलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत राहते. मग एसी लागतो, आणि त्याचं बिल कॉम्प्युटरच्या नावावर कुणी मांडत नाही.

उपाय फुकटातला आहे. गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची, म्हणजे सेकंदाला किती चित्रं काढायची याची मर्यादा घाला. मॉनिटर १४४ फ्रेम दाखवणारा असेल, तर कार्डानं अडीचशे काढून काय उपयोग? कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज ओढायची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणली, तरी खेळताना फरक सहसा कळत नाही. आणि रात्रभर डाउनलोडला लावून झोपणं सोडा. नुसता चालू सेटही शंभरेक वॅट खातो.

बिलापेक्षा मला काळजी वायरिंगची वाटते. पेठांतल्या जुन्या घरांत एका बोर्डावरून अर्धं घर चालतं. साधा प्लग पॉइंट ६ अँपियरचा, म्हणजे तेराशे-चौदाशे वॅटचा. त्यावर स्वस्तातला एक्स्टेंशन बोर्ड, त्यात कॉम्प्युटर, दोन मॉनिटर, स्पीकर, आणि आई येऊन इस्त्रीही तिथंच लावते! प्लग हाताला गरम लागला तर समजा, कॉन्टॅक्ट सैल आहे. वायरमनला बोलावून १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट काढून घ्या, आणि अर्थिंग तपासा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंगची बोंब आहे. दीड-दोन लाखांच्या सेटला पॉइंटचा खर्च म्हणजे किरकोळ.

इन्व्हर्टरच्या भरवशावर राहू नका. १५० एएचची (अँपियर-तासांची) १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास, प्रत्यक्षात हाती त्याहून कमीच येतात. खेळ चालू ठेवला तर दोन तासही निघणार नाहीत. घरचा इन्व्हर्टर त्याआधीच ओव्हरलोडची शिट्टी मारेल. गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता वेगळा यूपीएस घ्या, आणि घेताना व्हीएचा मोठा आकडा नाही, खरी ताकद सांगणारे वॅट विचारा.

एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वळीव येतो तेव्हा स्विच बंद करून भागत नाही. विजा कडकडायच्या आधीच प्लग काढा, आणि इंटरनेटची तांब्याची केबल येत असेल तर तीही काढा. वीज त्या वाटेनंही घरात शिरते.