अख्ख्या सूर्याचा एकच आकडा

सकाळी रामकुंडावर कुणी ओंजळीतून अर्घ्य देतंय. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेवरचं हे रोजचंच दृश्य. तिथून जवळच, पंचवटीतल्या एका गच्चीवर दुर्बीण लावलीय. तिच्या तोंडावर सोलर फिल्टर आहे. तो नसेल तर दुर्बिणीला डोळा लावायचाच नाही, कायमची नजर जाते.

सूर्याच्या पांढऱ्या तबकडीवर हे काळे डाग पाहा. अमेरिकेतल्या माउंट विल्सनच्या वेधशाळेतून खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ साली दाखवून दिलं, की इथे जबरदस्त चुंबकत्व असतं. मोठ्या डागात दोन-तीन हजार गॉस (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक)! पृथ्वीचं असतं अर्ध्या गॉसच्या आसपास.

आणि अख्ख्या सूर्याचं सरासरी? बहुतेक वेळा एका गॉसहूनही कमी. मला भुरळ पडते ती या इवल्याशा आकड्याची.

तो सापडतो प्रकाशात. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या वाफेमुळे काळ्या रेषा उमटतात. त्यातली एक ५२५.०२ नॅनोमीटरची. चुंबकीय क्षेत्रात ही रेषा फाकते. एका फाट्याच्या प्रकाशाला डावा पीळ असतो, म्हणजे त्याची लहर डावीकडे फिरत पुढे जाते; दुसऱ्याच्या उजवा. पण एका गॉसला ही फाक रेषेच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक. नुसतं बघून काय कळणार? म्हणून वाटेत एक स्फटिक ठेवतात. त्यावरचा विद्युतदाब उलटसुलट केला, की आळीपाळीने डाव्या आणि उजव्या पिळाचा प्रकाश मोजता येतो. मग वजाबाकी. जी बाकी उरते, तीच आपल्या दिशेच्या चुंबकत्वाची खूण.

गंमत म्हणजे यासाठी सूर्याची प्रतिमा नकोच असते. सगळ्या तबकडीचा प्रकाश एकत्रच वर्णपटमापकात सोडतात. स्टॅनफर्डच्या विलकॉक्स वेधशाळेत १९७५ पासून हेच चाललंय. सूर्य फिरतो तसा हा आकडा साधारण २७ दिवसांत धन-ऋण, म्हणजे कधी आपल्या दिशेचा तर कधी उलट दिशेचा, असा हेलकावतो.

ध्रुवांचं क्षेत्रही असंच अशक्त. गच्चीवरच्या दुर्बिणीत तिथे डागसुद्धा दिसत नाहीत. पण हॅरॉल्ड आणि होरेस बॅबकॉक या खगोलशास्त्रज्ञ पिता-पुत्रांनी बनवलेल्या यंत्राला तिथलं चुंबकत्व कळलं, आणि ते उलटतानाही सापडलं. १९५७ मध्ये दक्षिण ध्रुव उलटला, उत्तर ध्रुव थेट नोव्हेंबर १९५८ मध्ये. मधला वर्षाहून अधिक काळ सूर्याच्या दोन्ही टोकांना चुंबकत्वाचं चिन्ह एकच होतं.