चार डब्यांचा फलाट, पाच डब्यांची गाडी

मंडळी, तोक्योच्या नैऋत्य भागात, सेतागाया वॉर्डात, कुहोनबुत्सू नावाचं एक लहानसं स्टेशन आहे. तोक्यू या खासगी कंपनीच्या ओइमाची मार्गावरचं. तिथे फलाट चार डब्यांपुरता आणि गाडी येते पाच डब्यांची. टोकाचा एक डबा फलाटाबाहेरच थांबतो आणि त्याची दारं उघडत नाहीत. गाडीत आधीच सूचना होते, दारावरही लिहिलेलं असतं. उतरायचं असेल त्याने शेजारच्या डब्यात सरकायचं.

फलाट वाढवत का नाहीत, हा प्रश्न कुणालाही पडेल. जागेवर उभं राहिलं की उत्तर दिसतं. फलाटाच्या दोन्ही टोकांना रेल्वे फाटकं आहेत. फलाट लांबवायचा तर रस्ता तोडावा लागेल. आणि रस्ते म्हणजे तिथे सायकलवरून मुलांना शाळेत सोडणाऱ्या आया, भाजी घेऊन परतणारे म्हातारे, देवळाकडे निघालेली माणसं. कंपनीने रस्त्यांना हात लावला नाही, एका डब्याची दारं बंद ठेवली. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते.

देवळाचा उल्लेख आलाच आहे तर थोडं थांबतो, कारण स्टेशनचं नाव तिथूनच आलेलं आहे. स्टेशनजवळच जोशिन-जी हे १६७८ साली स्थापन झालेलं मंदिर आहे. एका जुन्या किल्ल्याच्या जागेवर ते उभं राहिलं. तिथे अमिताभ बुद्धाच्या नऊ मोठ्या मूर्ती आहेत, तीन दालनांत तीन-तीन. सगळ्या बसलेल्या, वरवर सारख्याच; हातांच्या मुद्रा तेवढ्या वेगळ्या. माणसं नऊ प्रतींची असतात आणि सुखावती या अमिताभाच्या लोकात त्या नवांनाही जागा मिळते, अशी श्रद्धा आहे. कुहोनबुत्सू म्हणजे या नऊ प्रतींचे बुद्ध. मुख्य मंदिर आणि ही दालनं समोरासमोर आहेत. मुख्य मंदिर म्हणजे हा आपला संसार आणि पश्चिमेकडची दालनं म्हणजे पैलतीर. मधलं अंगण ओलांडताना भाविकांच्या मनात हे असतं.

आता गंमत अशी की हे नाव आधी दुसऱ्याच स्टेशनला होतं. १९२७ साली शिबुयाहून निघणारा तोयोको मार्ग सुरू झाला, तेव्हा आजच्या जियुगाओका स्टेशनचं नाव कुहोनबुत्सू होतं. दोनच वर्षांनी ओइमाची मार्गाचा नवा फाटा देवळाच्या अगदी जवळून जाणार असं ठरलं. मग ते नाव नव्या स्टेशनला देणं भाग होतं. जुन्या स्टेशनला फुसुमा हे मूळ गावाचं नाव द्यावं, असा कंपनीचा विचार होता. पण तिथल्या एका नव्या शाळेच्या नावावरून रहिवासी त्या भागाला जियुगाओका म्हणू लागले होते आणि त्यांनी आग्रह धरला. कंपनीने ऐकलं. १९२९च्या ऑक्टोबरात जुन्याचं नाव बदललं आणि १ नोव्हेंबरला आजचं कुहोनबुत्सू स्टेशन सुरू झालं. दोन्हींमधलं अंतर एक किलोमीटरसुद्धा नाही.

हे रहिवासी आले कुठून? १९१८ साली उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने एक वसाहत कंपनी निघाली. शेतं विकत घ्यायची, प्लॉट पाडायचे, झाडं लावायची, घरं बांधू इच्छिणाऱ्यांना विकायचे. पण शहरात जायला गाडी नसेल तर तिथे राहणार कोण? म्हणून रेल्वे; आजच्या तोक्यूचं मूळ तिथे आहे. ती उभारायला गोतो केइता आले, पूर्वी रेल्वे खात्यात अधिकारी असलेले. पहिला मार्ग मार्च १९२३मध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला कांतोचा महाभूकंप झाला. जुन्या शहराचा मोठा भाग जळाला. लोक मोकळ्या उपनगरांकडे निघाले, आणि रूळ तिथे आधीच पोचलेले होते. जपानच्या खासगी उपनगरी रेल्वेचा हिशेब तिकिटाइतकाच जमिनीवर चालतो. छोटी स्टेशनं इतकी जवळजवळ का, याचंही उत्तर यात आहे: घरापासून चालत पोचता आलं पाहिजे, तरच प्लॉटला किंमत.

ओइमाची मार्ग आज १२.४ किलोमीटरचा आहे आणि त्यावर १६ स्टेशनं आहेत. २००८मध्ये त्यावर जलद गाड्या सुरू झाल्या, आता त्या सात डब्यांच्या आहेत. त्या मोजक्याच ठिकाणी थांबतात, त्यामुळे सात डब्यांचा फलाट तेवढ्याच स्टेशनांवर लागला. कुहोनबुत्सूसारख्या ठिकाणी त्या न थांबता निघून जातात. इथला माणूस धीम्या गाडीने एक स्टेशन जातो आणि जियुगाओकाला शिबुया किंवा योकोहामाची गाडी पकडतो. गैरसोय आहे, नाही असं नाही. फाटकंही गर्दीच्या वेळी पुन्हा पुन्हा बंद होतात, आणि घाईत असलेल्याला तो वेळ खूप वाटतो.

याच मार्गावरच्या तोगोशी-कोएन स्टेशनवर पूर्वी अशीच दारं बंद ठेवावी लागत. तिथला फलाट २०१३मध्ये वाढवला आणि तो प्रश्न सुटला. कुहोनबुत्सूला मात्र तसं करायचं तर फाटक बंद करा, नाहीतर रूळ उंचावर न्या. उंचावर नेण्याच्या मी विरोधात नाही. जिथे फाटकापाशी रुग्णवाहिका अडकते तिथे ते करायलाच हवं. पण त्याचा निर्णय गाडीत बसलेल्यांइतकाच फाटक ओलांडणाऱ्यांनाही विचारून व्हावा, एवढंच माझं मागणं आहे. १९२९ साली स्टेशनच्या नावाबाबत तिथे रहिवाशांचं ऐकलं गेलं होतं.