यापचे दगड आणि ओकीफचं जहाज

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘डिजिटल चलन’ असा छापलाय. तिकडे येणारच आहे, पण आधी यापला जाऊ. पॅसिफिकमधल्या या बेटाचं एकच चित्र सगळीकडे फिरतं: घरापुढे उभी केलेली, मधोमध भोक पाडलेली दगडी चकती. तिला राई म्हणतात; हे तिथलं दगडी चलन. काही राई साडेतीन मीटर व्यासाच्या, चार टनांच्या. माझी तक्रार अशी, की आपण वजन बघून थक्क होतो आणि तिथेच थांबतो.

यापवर हा चुनखडक मिळतच नाही. तो आणायचा सुमारे साडेचारशे किलोमीटरवरच्या पलाऊहून. तिथल्या सरदारांची परवानगी घ्या, शिंपल्यांच्या हत्यारांनी दगड घडवा, भोकात दांडा घालून किनाऱ्यावर न्या, मग होड्या-तराफे आणि उघडा समुद्र. गेलेले सगळे परतायचेच असं नाही. दगड कुणी आणला, वाटेत कोण दगावलं, पुढे कुठल्या लग्नात, कुठल्या तंट्याच्या समेटात तो दिला गेला, हे गावाला तोंडपाठ असायचं. किंमत ठरताना आकार आणि घडण बघत, तसा हा इतिहासही बघत. रोजची मासळी घ्यायला कुणी राई देत नसे, हेही ध्यानात असू द्या.

आता डेव्हिड ओकीफ. हा आयरिश-अमेरिकन कप्तान १८७०च्या दशकात यापला पोचला. त्याला हवं होतं खोबरं आणि समुद्रकाकडी नावाचा सागरी जीव. मोबदल्यात त्याने लोखंडी हत्यारं पुरवली आणि आपल्या जहाजातून दगड आणून दिले. आधीपेक्षा कितीतरी मोठे दगड येऊ लागले. पुढच्या रांगेतले अर्थशास्त्राचे विद्यार्थी हसतायत, म्हणजे चलन वाढलं की त्याचं मोल घसरतं, हा महागाईचा धडा आठवला! पण लोकांनी जुना आणि नवा दगड एका मापाने मोजलाच नाही. जिवावर उदार होऊन आणलेली जुनी राई आकाराने लहान असली तरी ओकीफच्या दगडापेक्षा मोलाची ठरायची. मला हे फार मोठं शहाणपण वाटतं.

१८९९मध्ये जर्मनीने स्पेनकडून ही बेटं विकत घेतली. रस्ते दुरुस्त होईनात, तेव्हा अधिकाऱ्यांनी राईंवर काळ्या फुल्या मारल्या: जप्त! लोक कामाला लागले, मग फुल्या पुसल्या. यावर खूप बोलता येईल, पण अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.

तर डिजिटल चलन. एका कुटुंबाची राई वादळात समुद्रतळाशी गेली. सोबत्यांनी साक्ष दिली, गावाने मानलं आणि पिढ्यान्‌पिढ्या ते घर श्रीमंतच राहिलं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विल्यम फर्नेस यांनी ही हकीकत टिपून ठेवली. बिटकॉइन या डिजिटल चलनाचे चाहते हिचाच दाखला देतात: वस्तू हातात नको, नोंद सर्वांकडे हवी. तेवढं खरं. जमीन जागेवरच असते, सातबाऱ्यावरचं नाव बदलतं, तसंच ते. पण २००९मध्ये सुरू झालेलं बिटकॉइन एकमेकांवर विश्वास नसलेल्या अनोळखी लोकांसाठी बांधलंय. यापचे साक्षीदार शेजारी आणि सोयरे होते. दगड कुणाच्या घामाचा, हे ते जाणून होते. यापला डिजिटल चलनाचा पूर्वज म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, त्यांच्या खतावणीत ओकीफचा दगड वेगळा कसा ओळखायचा? वेळ संपली. प्रश्न चहाच्या वेळी घेतो.